चार लाइट लावण्याआधी हेडलाइटचा बल्ब बदला

पत्र

नमस्कार. माझ्याकडे २०१८ची रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ बाइक आहे. नोकरी पुण्यात, घर कराडला. बहुतेक शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की निघतो. हेडलाइट मुळातच मंद वाटायचा म्हणून गेल्या वर्षी ऑनलाइन एलईडी बल्ब मागवून टाकला. उजेड पांढराशुभ्र पडतो, पण लांबचं काही नीट दिसत नाही. मागच्या महिन्यात उंब्रजच्या अलीकडे उसाची ट्रॉली अगदी अंगावर आल्यावर दिसली. जुलैत बायकोला घेऊन कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर असा बेत आहे. तिकडे धुकं असणारच. गॅरेजवाला म्हणतो, दोन स्पॉट आणि दोन फ्लड असे चार लाइट लावू, प्रत्येकी साठ वॅटचे, बॅटरीवरून डायरेक्ट देतो, तासाभराचं काम. मेहुणा म्हणतो, पिवळेच घे, धुकं फाडतात. बायको म्हणते, आधी हळू चालव. तिघांतलं कोणाचं ऐकू? आणि पोलीस पकडतात का?

— एक वाचक, कराड

उत्तर

बायकोचं ऐका. मेहुण्याचं निम्मं ऐका. गॅरेजवाल्याचं मात्र यातलं काहीच ऐकू नका, कारण नीट करायचं तर हे काम तासाभरात होत नाही.

'हळू' म्हणजे किती, ते आधी बघू. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अंधारात समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर हात-पाय पडेपर्यंत दीड सेकंद तरी जातो, म्हणजे ३३ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. एकूण झाले सत्तरच्या आसपास. डिपरवर, म्हणजे झोत खाली असताना, रिफ्लेक्टर नसलेली काळपट वस्तू ४०-५० मीटरच्या आत आल्याशिवाय धड दिसत नाही. ताशी ६० ला हीच बेरीज ४५-५० मीटरवर येते. म्हणजे डिपरवर, कोरड्या रस्त्यावर, तुमचा हेडलाइट ठणठणीत असला तर ६० हा आकडा जेमतेम बसतो. ऐंशीने जात असाल तर ती ट्रॉली दिसल्यावर थांबणं शक्यच नव्हतं. तुम्ही वाचलात ते बाजूची लेन मोकळी होती म्हणून.

हंगामात सातारा-कराड पट्ट्यात रात्री चालवणाऱ्याला ही ट्रॉली ओळखीची आहे. उसाचे शेंडे मागे इतके लोंबतात की रिफ्लेक्टर असलाच तर त्यांच्याआड जातो, टेललाइटची वायर कधीच तुटलेली असते आणि वेग असतो पंधरा-वीसचा. वाळलेलं पाचट रिफ्लेक्टरसारखा उजेड परत फेकत नाही. अशी वस्तू वेळेत दिसण्यासाठी उजेड डाव्या कडेला, जमिनीलगत आणि पुरेसा पुढे पडायला हवा. किती वॅटचा लाइट यापेक्षा तो पडतो कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि पुढचं सगळं मी त्याच हिशोबाने सांगतो आहे.

सुरुवात त्या एलईडी बल्बपासून. तो काढा. तुमच्या गाडीचा हेडलाइट एच-फोर हॅलोजन बल्बसाठी बनवलेला आहे, ६०/५५ वॅट. त्या बल्बात दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली चिमुकली धातूची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर उजेड पडून तो खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यात न जाणारी ती सरळ कापलेली रेघ यातूनच मिळते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक ते फिलामेंट नेमकं कुठे आहे हे गृहीत धरून काढलेला असतो. स्वस्त एलईडी बल्बात चिपा दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. तेवढ्याने रेघ फाटते, निम्मा उजेड झाडांवर जातो आणि उरलेला पुढच्या चाकासमोर सांडतो. चाकासमोर लख्ख दिसतं म्हणून आपल्याला वाटतं लाइट जोरदार झाला. प्रत्यक्षात जवळच्या झगझगाटाने डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचं दिसायचं आणखी कमी होतं. तुम्ही पत्रात लिहिलंय ते अगदी हेच आहे.

फिलिप्स किंवा ओसरामचा साधा ६०/५५चा हॅलोजन परत बसवा. १००/९०चा बल्ब घेऊ नका. होल्डर वितळतो आणि वायर कडक होऊन तडकते. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला तर काच तिथे तापून बल्ब लवकर जातो. मग इंजिन चालू ठेवून होल्डरच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत आणि होल्डरवर साडेबाराच, असं निघालं तर तुमचा हेडलाइट मंद नव्हता, उपाशी होता. कनेक्टर साफ करून, लागलाच तर हेडलाइटला स्वतंत्र रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) देऊन हा फरक भरून काढता येतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजसोबत सरळ प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी जास्त घटतो. दीड व्होल्ट परत मिळाले की हेडलाइट नवा घेतल्यासारखा वाटतो. हे सगळं करून आठ दिवस चालवा आणि मगच लाइट विकत घ्यायला निघा. कमी काय पडतंय ते तोवर नेमकं कळेल.

आता जादा लाइटचं. चार नकोत, दोन घ्या. स्पॉट तर मुळीच नको. स्पॉटचा झोत दहा-बारा अंशांचा असतो, लांब आणि अरुंद. राजस्थानच्या सरळसोट मोकळ्या रस्त्याला तो ठीक आहे. पुणे-कराड रस्त्यावर समोरून वाहन नाही अशी वेळ रात्री येतच नाही, दुभाजक असला तरी झाडी विरळ झाली की झोत पलीकडे जातो. शिस्तीने वागलात तर स्पॉट तुम्हाला सतत बंद ठेवावे लागतील. लावून बंदच ठेवायचे लाइट कशाला घ्यायचे? आणि शिस्तीने वागला नाहीत, तर साठने येणारा ट्रक आणि साठने जाणारे तुम्ही यांच्यातलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होत असतं. डोळे दिपलेल्या ड्रायव्हरला पुन्हा दिसू लागायला तीन सेकंद लागले तरी शंभर मीटर गेले, आणि त्या शंभर मीटरच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच असता.

तुम्हाला हवा तो रुंद झोताचा फॉग लाइट, वरची कड सरळ कापलेली. दुकानात 'फ्लड' मागितलात तर बहुधा चौकोनी डब्यात सहा-आठ एलईडी असलेला, सगळीकडे सारखा पसरणारा लाइट हातात देतील. तो शेतावर ट्रॅक्टरला लावायचा कामाचा लाइट आहे, रस्त्यावरचा नव्हे. दुकानातच ओळखायची युक्ती सांगतो. लाइट बॅटरीला लावून दोन-तीन मीटरवरच्या भिंतीवर धरायला सांगा. वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये आडवी स्वच्छ रेघ दिसली तर घ्या. गोल डाग दिसला आणि कडेने सगळीकडे उजेड उतरत गेला, तर परत द्या. काही आयात लाइटांच्या झोताची एक बाजू वर चढलेली असते. ती उजवीकडे चढत असेल तर तो उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी आहे, आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यात जाईल. युरोपीय मानकाच्या लाइटवर गोलात ई हे अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, आणि फॉग लाइट असेल तर बी किंवा एफ-थ्री अशी खूणही. खूण बनावट असू शकते, भिंतीवरची रेघ नाही. म्हणून भिंत बघाच.

खोक्यावरच्या वॅटवर तर विश्वास ठेवूच नका. '६० वॅट' छापलेल्या जोडीतल्या एका लाइटला मी मीटर लावला होता. साडेतेरा व्होल्टला १.६ अँपिअर ओढत होता. गुणाकार करा, साडेएकवीस वॅट होतात. म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्याच्या चार लाइटांबाबत दोनपैकी एक गोष्ट असणार. खोक्यावरचा आकडा खोटा असला तर तुम्ही पैसे साठचे मोजताय आणि लाइट विसाचा घेताय. खरा असला तर प्रकरण आणखी वाईट: चार साठे दोनशे चाळीस वॅट, म्हणजे जवळपास १८ अँपिअर. या वर्गातल्या एका सिलिंडरच्या गाड्यांचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारा भाग, एकूणच साधारण दोनशे-अडीचशे वॅटचा, तोही चढ्या आरपीएमवर, आणि त्यातूनच हेडलाइट, फ्यूएल पंप, इग्निशन, एबीएस सगळं चालवायचं. शिवाय एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, तो भार कायमचा. कमी पडेल ते बॅटरीतून जाणार, आणि तुमची बॅटरी ८ अँपिअर-अवरची. हिमालयनला किक नाही हे लक्षात आहे ना? कुंभार्लीत भर पावसात डबलसीट गाडी ढकलत बसाल.

दोन लाइट, खरे पंधरा-वीस वॅटचे, हे तुमच्या गाडीला सहज पेलतं. बसवल्यावर खात्री करून घ्या. इंजिन गरम, गाडी आयडलवर (जागेवर उभी, ॲक्सिलरेटर न पिळता), हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, दोन्ही लाइट चालू, फोन चार्जिंगला. मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. १३ च्या वर राहिलं तर निर्धास्त. साडेबाराकडे घसरलं तर आयडलवर बॅटरी रिकामी होते आहे. सिग्नलला आणि चहाच्या थांब्याला लाइट बंद करायची सवय लावून घ्या. तीन हजार आरपीएमवर चौदाच्या आसपास दिसायला हवं. तिथेही दिसलं नाही तर दोष लाइटचा नाही, आधी चार्जिंग तपासा.

आता मेहुण्याचा पिवळा रंग. पिवळा उजेड धुकं फाडत नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यांना पांढरा काय नि पिवळा काय, सगळे रंग ते जवळपास सारखेच विखुरतात. आकाश निळं दिसण्यामागचं कारण इथे लागू नाही, तिथे हवेचे सूक्ष्म रेणू असतात. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, तिथून हा समज जगभर आणखी घट्ट झाला असावा. तरीही मी तुम्हाला पिवळेच घ्या म्हणेन, कारण निराळं आहे. पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो, आणि धुक्यातून किंवा पावसातून परत येणारा निळसर उजेड डोळ्याला जास्त टोचतो. पिवळ्यात तो भाग गाळलेला असतो. तासभर घाट उतरल्यावर डोळे कमी शिणतात, ओल्या डांबरावरचे खड्डे थोडे उठून दिसतात. फक्त जात्याच पिवळे घ्या. पांढऱ्या लाइटवर पिवळी फिल्म किंवा पिवळं झाकण लावलं की उजेड आणखी कापला जातो.

धुक्यात फरक पडतो तो लाइटच्या उंचीने. तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. लाइट डोळ्यांच्या जितका जवळ, तितकं नजरेच्या वाटेतलं धुकं उजळतं आणि तेच परत डोळ्यात येतं. अप्पर (वरचा झोत) मारला की समोर पांढरी चादर टांगल्यागत होतं ते यामुळे. लाइट खाली असला, वरची कड कापलेली असली, तर उजेड धुक्याच्या तळातून सरकतो आणि पुढचे दहा-पंधरा मीटर, कडेची पांढरी रेघ, कठड्याचे काळे-पांढरे दगड दिसतात. लांबचं दिसणार नाही, कुठल्याच लाइटने. कोयनानगरहून हेळवाकच्या पुढे घाट सुरू झाला की जुलैत असे पट्टे लागतातच. तिथे वेग वीस-पंचवीस ठेवा आणि मागून येणाऱ्या एसटीची काळजी पुढच्या रस्त्यापेक्षा जास्त करा. दोन्ही पॅनिअरच्या (बाजूला लावलेल्या सामानाच्या पेट्यांच्या) मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टिव्ह टेपची एकेक पट्टी लावा. या सगळ्या यादीत सर्वात स्वस्त तीच आहे आणि धुक्यात तिचा उपयोग पुढच्या दोन्ही लाइटांइतका आहे.

घाटाची दुसरी एक अडचण खास तुमच्या गाडीची आहे. ४११चा हेडलाइट फ्रेमवर बसवलेला, हँडलबरोबर वळत नाही. हेअरपिनला तुम्ही हँडल वळवता आणि हेडलाइट सरळ दरी बघत राहतो. त्यात गाडी कलली की झोतही कलतो. डावीकडे झुकलात तर डावी कड जवळच जमिनीत घुसते आणि वळणाच्या आतला रस्ता, जिथे जायचंय नेमका तोच, अंधारात राहतो. रुंद झोताचे फॉग लाइट ही जागा भरून काढतात. काही जण यासाठी लाइट फोर्कला क्लॅम्प करतात म्हणजे ते हँडलबरोबर वळतील. उपाय चुकीचा नाही, पण प्रत्येक वळणाला वायर वाकत राहते. दर आठवड्याला महामार्गाने जाणाऱ्या गाडीला मी क्रॅश गार्डच सुचवेन.

क्रॅश गार्डवर कुठे, तर पुढच्या नळीच्या आतल्या बाजूला, गाडी आडवी पडली तर आधी नळी जमिनीला लागेल, लाइट नाही, अशा बेताने. आपल्याकडे लाइट दिमाखात बाहेर काढून लावायची पद्धत आहे, पहिल्याच पडझडीत सहाशे रुपयांच्या ब्रॅकेटसकट जातो. दोन लाइट एकमेकांपासून जितके लांब तितकं बरं. हेडलाइट वर आणि हे दोन खाली असा त्रिकोण झाला की समोरच्याला तुम्ही किती लांब आहात, किती वेगाने येताय याचा अंदाज येतो. एकट्या ठिपक्यावरून तो येत नाही. इंडिकेटरच्या अगदी शेजारी मात्र नको, लाइटच्या झगमगाटात इंडिकेटर दिसेनासा होतो. ऑइल कूलरच्या तोंडासमोरही नको. आणि मडगार्डच्या खाली तर नकोच, आपल्या रस्त्यांवर पाच किलोमीटरमध्ये काचेवर चिखलाचा थर बसतो.

क्लॅम्प घेताना नळीचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या. डोळ्याने '२५ची असेल' म्हणून आणलेला क्लॅम्प आत सायकलची ट्यूब कोंबून बसवतात आणि एका सिलिंडरच्या कंपनाने तो आठवड्यात फिरतो. लाइट फिरला की तो आकाशात बघतो आणि तुम्हाला गाडीवरून कळतही नाही. रबरी अस्तराचा क्लॅम्प, स्टेनलेसचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने ढिले न होणारे). बोल्ट आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा, सरकला की रेघ तुटलेली दिसते.

'बॅटरीवरून डायरेक्ट' म्हणजे काय असतं ते मी बऱ्याच गाड्यांवर उघडून बघितलंय. बॅटरीच्या बोल्टखाली पिळून दाबलेली तार, तिथून सरळ हँडलवरच्या पन्नास रुपयांच्या बटणातून लाइटला, मध्ये फ्यूज नाही, जोडांवर काळी टेप. ऊन-पावसात टेपचा गोंद सुटतो, तार टाकीखालच्या कडेला घासते आणि इन्सुलेशन गेलं की फ्यूज नसल्याने थांबवणारं कोणी नाही. वर पेट्रोलची टाकी असते.

नीट जोडणी अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या वायरवर पहिल्या वीतभर अंतरातच फ्यूज. दोन लाइट मिळून तीन-साडेतीन अँपिअर ओढणार, म्हणून फ्यूज ५ चा. १५ चा घालू नका, तो वायर जळेपर्यंत टिकेल. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून लाइटांना. ८६ ला बटणातून येणारी बारीक वायर, ८५ अर्थला. बटणाला वीज द्यायची ती टेललाइट किंवा पार्किंगच्या वायरवरून, म्हणजे चावी बंद की लाइट बंद; रात्री विसरून बॅटरी उतरायचा प्रश्न मिटतो. मुख्य प्रवाह रिलेतून जातो, हँडलवरच्या बटणातून फक्त रिलेला जागं करण्यापुरता, त्यामुळे बटण तापत नाही. मुख्य वायर एक ते दीड स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची. निगेटिव्ह रंगवलेल्या फ्रेमवर स्क्रू मारून देऊ नका, परत बॅटरीपर्यंत आणा. जोड क्रिम्प करून त्यावर गोंदाची श्रिंक स्लीव्ह, बाहेरून पन्हळी नळी. कंपनीची वायर कापायची नाही. टेललाइटच्या कनेक्टरमध्ये बसणारा जोड मिळतो. वॉरंटी संपलेल्या गाडीचीही वायर कापू नका म्हणतो, कारण पाच वर्षांनी फॉल्ट शोधणारा माणूस कोणी दुसराच असतो आणि तो तुम्हाला शिव्या घालतो. सगळं बसलं की हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, वायर कुठे ताणली जात नाही ना, सायलेन्सरच्या वाकाजवळून जात नाही ना. तयार रिले-हार्नेस, म्हणजे जोडलेल्या वायरींचे संच, मिळतात. लाइटवर खर्च कराल त्याच्या निम्मे पैसे हार्नेसवर घालवायची तयारी ठेवा. आणि फ्लॅशिंगचा मोड असेल तर तो वायरीतूनच बंद करून घ्या. लुकलुकणाऱ्या लाइटच्या मागच्या गाडीचा वेग कोणालाच कळत नाही.

लाइट लावून झाले की सरळ निघू नका, आधी रोख जुळवा. सपाट जागा, समोर भिंत, अंतर १० मीटर. गाडी स्टँडवर नाही. तुम्ही बसलेले, मागे बायको, पॅनिअर भरलेले, टायरात नेहमीची हवा. हे विसरलात तर सगळी मेहनत वाया, कारण मागे वजन आलं की मागचा शॉकअप दबतो, पुढचं नाक वर होतं आणि झोत वर चढतो. जमिनीपासून लाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, तीच खूण भिंतीवर करा. झोताची वरची रेघ या खुणेच्या वीस सेंटिमीटर खाली यायला हवी. हेडलाइटचा डिपर त्याच वेळी, तसाच तपासा. बायको मागे असते तेव्हा मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा, आणि एकटे कराडला निघाल तेव्हा उतरवा. दोन्ही वेळा रोख साधारण जागेवर राहतो. मग बायकोला आठ मीटर पुढे, थोडं उजव्या बाजूला उभं करा आणि डोळे दिपतात का विचारा.

आठ मीटर हा आकडा मी मनाने काढलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम तेच सांगतो: ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला झोत दिपवता कामा नये. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सुरू होतं. त्याच नियमावलीतला नियम १११ म्हणतो की नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येणार नाही. म्हणजे गॅरेजवाल्याच्या चारांतले दोन तर सरळच बेकायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय केलेल्या फेरफाराला फेरफारागणिक पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कापलेल्या कडेच्या, खाली रोखलेल्या फॉग लाइटांकडे बहुतेक पोलीस बघत नाहीत, पण बघणारच नाहीत अशी हमी मी देणार नाही; रस्त्यात थांबवलं तर हुज्जत न घालता लाइट चालू करून दाखवा. शहरात झाकणं लावून ठेवा. पुण्यात दिवसा हे जादा लाइट चालू ठेवून फिरलात आणि पावती फाटली, तर मला पत्र लिहू नका. लाल-निळे तर अर्थातच नाहीत.

जुलैपर्यंत वेळ आहे. जूनचे पहिले दोन पाऊस पडू द्या, मग एका रात्री पाटणपर्यंत जाऊन या, एकटे. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइटच्या काचेच्या आत दमट धुरकटपणा दिसला तर वॉरंटीत बदलून घ्या. गाडी धुताना प्रेशर गनचा फवारा लाइटवर जवळून मारू देऊ नका, डब्यावर आयपी-६७ (धूळ-पाणी आत जाणार नाही असं सांगणारं मानक) छापलेलं असलं तरी. निघताना टूलकिटमध्ये एक जादा एच-फोर बल्ब कापडात गुंडाळून आणि ५ चे दोन फ्यूज टाका.